गावच्या पाटीवर नाव कोणाचे?

आमचे गाव आता धड गाव राहिले नाही आणि शहरही झाले नाही. शहराची वस्ती सरकत सरकत आमच्या शिवेला येऊन भिडली, मळे गेले, चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आणि ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. नवा कारभार आला की नवी हौस येतेच. पहिल्याच सभेत ठराव झाला, की वेशीत एक मोठी दगडी पाटी बसवावी, तिच्यावर ‘आमच्या गावची ओळख’ लिहावी आणि खाली गावच्या थोर व्यक्तींची नावे कोरावीत. मजकूर तयार करण्याचे काम शाळामास्तर म्हणून माझ्या गळ्यात पडले. माझे अक्षर चांगले म्हणून नव्हे. मास्तर फुकट राबतो म्हणून!

अकरा नावे मंडळींनी आधीच लिहून दिली होती. एक न्यायाधीश, दोन मोठे सरकारी अंमलदार, एक मुंबईचे ठेकेदार, तीन जुने वतनदार, असा सगळा थाट. मी यादी घेऊन बसलो आणि मोजू लागलो. अकरांपैकी नऊजण गाव सोडून गेले ते फक्त जत्रेला आले, कित्येक तर तेवढेही आले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात ज्या वडारांनी आमचा तलाव खोदला, त्यांच्यापैकी एकाचे नाव नाही. जिने निम्म्या गावाची नाळ कापली त्या सुईणीचे नाव नाही. मी ही नावे खाली जोडली. सभेत एक सभासद म्हणाले, “मास्तर, ह्यांना गावाबाहेर कोण ओळखतो?” मी म्हटले, “साहेब, पाटी गावाबाहेरच्यांसाठी आहे की गावासाठी?” उत्तर मिळाले नाही. माझी नावे मात्र खोडली गेली.

वाचकहो, ही गोष्ट माझ्या एकट्याच्या गावची असती तर मी शाई खर्च केली नसती. आज जिकडे-तिकडे खेड्यांच्या नगरपंचायती होत आहेत, कमानी उभ्या राहात आहेत आणि जो-तो गाव ‘आम्ही कोण’ हे दगडावर कोरीत आहे. अशा वेळी एका दूरच्या गावाची हकीकत सांगावीशी वाटते. ते गाव अमेरिकेत आहे. कोणी म्हणेल, मास्तरांनी बांध ओलांडून एकदम सातासमुद्रापार उडी मारली! पण ही वाट नवी नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांनी तेथील काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांनाच अर्पण केले होते. आपल्या शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा होती. तेव्हा त्या देशाने तो कित्ता स्वतः पुढे कसा गिरविला, हे पाहण्याचा आपणांस हक्कच आहे.

शिकागो शहराच्या पश्चिम कुशीला ओक पार्क नावाची वस्ती आहे. २०२० च्या खानेसुमारीत तेथे ५४,५८३ माणसे भरली. एवढ्या वस्तीला आपण शहर म्हणू आणि नगरपरिषदेचा दिवा मिरवू. पण त्या मंडळींनी १९०२ साली आपला स्वतंत्र कारभार मांडला तो ‘गाव’ म्हणून, आणि कायद्याच्या कागदावर ते आजही गावच आहे. गाव म्हणवून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी.

ह्या गावाची थोर व्यक्तींची यादीही लांबलचक आहे. नोबेल पारितोषिक मिळविणारा लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे १८९९ साली तेथे जन्मला. फ्रँक लॉइड राइट हा जगप्रसिद्ध घरबांधणीकार १८८९ पासून १९०९ पर्यंत तेथे राहिला. त्याने बांधलेले युनिटी टेंपल नावाचे प्रार्थनामंदिर २०१९ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. मॅकडोनाल्डचा धंदा जगभर पसरविणारा रे क्रॉक १९०२ साली तेथेच जन्मला. लांबलांबचे प्रवासी आजही ही घरे पाहावयास येतात, आणि गावाने अभिमान बाळगावा अशीच ही नावे आहेत. पण आमच्या पाटीचा न्याय येथेही लावून पाहा. हेमिंग्वे शाळा संपताच १९१७ साली गावाबाहेर पडला. राइट १९०९ साली बायकामुलांस सोडून गेला. क्रॉकचे नाव झाले ते दुसरीकडे. जे गाव सोडून गेले ते गावचे भूषण झाले. आणि ज्याने “मी येथेच राहणार” असे म्हटले, त्याच्या घराला ह्याच गावात आग लावण्यात आली. त्याचे नाव पर्सी जूलियन.

जूलियन १८९९ साली दक्षिणेकडील अलाबामा प्रांतात जन्मला. त्याचे आजोबा गुलाम होते. गुलामाने अक्षर शिकणे हा तेथे गुन्हा होता आणि त्या गुन्ह्यासाठी आजोबांच्या हाताची दोन बोटे छाटण्यात आली होती, असे जूलियन सांगत असे. एकलव्याचा अंगठा आपल्याला कथेतून ठाऊक आहे. ह्या मुलाने तो आपल्या घरात पाहिला. काळ्या मुलांसाठी त्याच्या गावात वरच्या वर्गांची सोय नव्हती. सबब तो कॉलेजात गेला तेव्हा खालच्या वर्गाचे राहिलेले धडे आणि कॉलेजचे धडे दोन्ही बरोबरच गिरवू लागला. पंक्तीला वाढणे, भट्टीत कोळसा घालणे अशी कामे करून तो शिकला आणि १९२० साली सर्वांत पहिला आला. पुढे हार्वर्डची पदवी घेतली, १९३१ साली व्हिएन्नास जाऊन डॉक्टर झाला, आणि १९३५ साली काचबिंदू ह्या डोळ्याच्या रोगावरील एक औषध त्याने प्रयोगशाळेत तयार करून दाखविले. जगातील रसायनशास्त्री थक्क झाले. पण ज्या कॉलेजात त्याने हे काम केले तेथे त्यास प्राध्यापकाची कायम जागा मिळाली नाही. दुसऱ्या एका संस्थेने त्यास बोलाविले, पण ती ज्या ॲपल्टन गावात होती तेथला नियम आडवा आला. कोणीही काळा मनुष्य त्या गावी रात्रीचा मुक्काम करू शकत नव्हता! हाही एका गावाने केलेला आपल्या ओळखीचा ठरावच होता, आणि तो पाटीवरच्या कोणत्याही नावापेक्षा अधिक बोलका होता.

अखेर १९३६ साली एका रंगाच्या कंपनीने त्यास शिकागोत कामावर घेतले आणि सोयाबीनच्या संशोधनाचा मुख्य केले. शेतकरी बंधूंनो, हाच तो सोयाबीन, जो आज लातुरापासून वाशीमपर्यंत आपल्या शिवारात उभा आहे आणि ज्याच्या भावासाठी आपण दर दिवाळीला कपाळाला हात लावतो. ह्या दाण्यात काय काय दडले आहे हे ज्यांनी जगाला दाखविले त्यांत जूलियन पहिल्या रांगेतला. सोयाबीनच्या तेलातून त्याने शरीरातील अंतःस्रावांची औषधे काढण्याची रीत बसविली. स्त्रियांच्या गर्भारपणात लागणारी आणि सांधे धरलेल्या रोग्यांना लागणारी महागडी औषधे त्यामुळे स्वस्त होऊ लागली. सोयाबीनच्या पेंडीतील प्रथिनापासून आग विझविणारा फेस झाला आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आरमाराने तो वापरला.

असा हा मनुष्य १९५० साली ओक पार्कमध्ये घर घेतो. रीतसर खरेदीखत. त्याची पत्नी ॲना हीही विदुषी. १९३७ साली समाजशास्त्रात डॉक्टर झालेली. त्याच १९५० साली शिकागोच्या एका वर्तमानपत्राने जूलियनला वर्षाचा श्रेष्ठ नागरिक ठरविले होते. पण सन्मान वेगळा आणि शेजार वेगळा! गावच्या पाणीखात्याच्या अंमलदाराने आधी घराचे पाणीच सुरू करून देण्याचे नाकारले. कोर्टात जाण्याची भाषा केली तेव्हा तोटी सुरू झाली. मग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, कुटुंब राहावयास येण्यापूर्वीच, त्या लोकांच्या आभारदिनाच्या सणाला घराला आग लावण्यात आली. आग विझविणारा फेस ज्याच्या प्रथिनापासून तयार झाला, त्याच्याच घराला आग! जूलियन मागे हटला नाही. कुटुंब राहावयास आले. १९५१ च्या जूनमध्ये घरावर डायनामाइटची कांडी फेकण्यात आली. त्या दिवसांत बाप-लेक हातात बंदूक घेऊन झाडावर बसून घराची राखण करीत, अशी आठवण त्याच्या मुलाने पुढे सांगितली.

आपल्याकडील शेतकरी रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी माळ्यावर बसतो. जगाला औषध देणारा मनुष्य आपल्याच शेजाऱ्यांपासून आपली लेकरे राखण्यासाठी झाडावर बसला होता.

पाण्याची गोष्ट वाचताना मला पुण्याचा हौद आठवला. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. माणूस पाणी अडवितो तेव्हा तो घागर अडवीत नाही, ‘तू आमच्यातला नाहीस’ एवढेच सांगतो. घराची गोष्टही तीच. न्यूयॉर्कला शिकून आलेल्या आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी विश्रामगृहात त्यांनी आसरा घेतला, तेथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना घालविले. विद्या मोठी असली तरी उंबरठा तिच्याहून उंच!

आता ओक पार्कने पुढे काय केले ते पाहा. सगळे गाव आग लावणारे नव्हते. पुष्कळ शेजारी जूलियनच्या बाजूने उभे राहिले, त्यांनी जाहीरपणे ह्या प्रकाराचा निषेध केला. त्याच सुमारास आणि पुढे वीसेक वर्षे शिकागोत घरांच्या दलालांचा एक धंदा जोरात होता. एका आळीत एक काळे कुटुंब आले, की दलाल गोऱ्या घरवाल्यांच्या दारी जात आणि कानात सांगत, “आता घरांची किंमत उतरणार, विकून मोकळे व्हा.” घाबरलेल्याचे घर स्वस्तात घ्यावे आणि गरजू काळ्या माणसास महागात विकावे! दोघांनाही नागवून दलाल गबर. ओक पार्कला लागून असलेला ऑस्टिन नावाचा भाग अशाच भीतीने थोड्या वर्षांत गोऱ्यांनी रिकामा केला. ओक पार्कपुढे दोन वाटा होत्या. दारे लावून घ्यावीत किंवा पळून जावे. गावाने तिसरी वाट काढली. १९६८ साली ठराव केला, की घर विकताना किंवा भाड्याने देताना रंग, धर्म, वंश पाहाता कामा नये. ‘घर विकणे आहे’ अशा पाट्या दारात लावण्यास मज्जाव केला, म्हणजे एकाची पाटी पाहून दुसऱ्याने घाबरू नये. १९७२ साली घर शोधणाऱ्यांस वाट दाखविणारी संस्था निघाली. काळे एका आळीत आणि गोरे दुसऱ्या आळीत असे होऊ नये, हा तिचा उद्योग. १९७५ साली गावाने आपली नवी कचेरी बांधली ती ऑस्टिनच्या बाजूच्या, म्हणजे ज्या भागातून लोक पळतील अशी भीती होती, त्याच पूर्वेकडील भागात. कारभारी स्वतः तेथे जाऊन बसले, तेव्हा इतरांस धीर आला.

आणि १९७३ साली गावच्या मंडळाने एक जाहीरनामा मंजूर केला. आमचे गाव सर्व रंगांच्या, धर्मांच्या माणसांचे आहे, ते तसे असणे हेच आमचे बळ आहे आणि ते टिकविणे हे आमचे काम आहे, असा त्याचा आशय. पुढे जे जे नवे मंडळ निवडून आले, त्या प्रत्येकाने तो आपल्यापुरता पुन्हा मंजूर करण्याची चाल पडली. मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही. जुने मंडळ गेले, नवे आले, की नव्याने शब्द द्यावयाचा.

कोणी म्हणेल, एकदा ठराव झाला म्हणजे झाला, पुन्हा कशाला? त्याने महाडकडे पाहावे. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले ह्यांनी ठराव आणला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे असावेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, टाळ्या झाल्या. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो बांधवांसह खरोखरीच पाणी प्यावयास गेले तेव्हा त्या लोकांवर काठ्या पडल्या, आणि ऑगस्टात त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! हायकोर्टातून निकाल मिळावयास १९३७ साल उजाडले. ठराव म्हणजे बी आहे. पेरून घरी बसले तर तण माजते. दर हंगामाला खुरपावे लागते, हे शेतकऱ्यास मास्तराने सांगावयास नको.

१९८५ साली ओक पार्कमधील एका शाळेस पर्सी जूलियनचे नाव देण्यात आले. तो स्वतः १९७५ साली वारला, अखेरपर्यंत त्याचे घर ह्याच गावी होते. ज्या गावाने त्याचे पाणी अडविले, त्या गावची पोरे आज त्याच्या नावाच्या शाळेत बसतात. हे चांगले झाले, आणि चांगल्यास चांगले म्हणावे.

पण येथेच थांबलो तर मी तुमची फसवणूक करीन. जूलियनच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या आरंभी, त्या गावात थोडी काळी कुटुंबे होती. मोठ्या घरांत राबणारी, कष्टाची माणसे. त्यांचे स्वतःचे छोटे प्रार्थनामंदिरही होते. पुढे ते मंदिर गेले, माणसे पांगली. थोर व्यक्तींच्या यादीत त्यांना जागा नाही. जूलियनला जागा मिळाली, कारण तो जगाने मानलेला शास्त्रज्ञ होता. मग मी विचारतो, ज्याच्याजवळ शंभर शोधांचे कागद नाहीत त्याने गावात सन्मानाने राहू नये काय? दलितांतला एक डॉक्टर झाला, कुणब्यातला एक कलेक्टर झाला, की त्याचा फोटो लावून मोकळे व्हावयाचे, आणि बाकीच्या आळीला पाण्याची तोटी द्यावयाची नाही, ही युक्ती आपल्याकडेही जुनी आहे. शिवाय त्या गावात आज सगळे आलबेल आहे असेही नाही. तेथल्या मोठ्या शाळेत काळी आणि गोरी मुले एका छपराखाली शिकत असूनही दोघांच्या वाट्याला सारखे शिक्षण येत नाही, हे २०१८ साली एका बोलपटमालिकेने जगासमोर मांडले. गावाचे वैशिष्ट्य एवढेच, की त्याने आपल्या शाळेचे दार ते चित्र काढणाऱ्यांना उघडले.

म्हणून माझे म्हणणे असे. गावची ओळख पाटीवरच्या नावांत नसते. ती गावच्या नियमांत असते. कोणाला पाणी, कोणाला घर, कोणाला स्मशान, कोणाला शाळेतला पुढचा बाक, एवढ्या चार गोष्टींत गाव ओळखावे.

आता आमच्या वेशीकडे परत येतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यात बदलून आलेला एक तरुण शिक्षक खोली शोधीत आमच्या नव्या इमारतींतून फिरला. सहा ठिकाणी खोली रिकामी होती. सहाही ठिकाणी आधी नाव विचारले, मग आडनाव विचारले, मग “पाहुणे येणार आहेत” असे सांगितले. आमच्या नगरपंचायतीत एवढे पाहुणे येतात हे मला ठाऊक नव्हते! अखेर तो रोज बारा कोस मोटारसायकल हाकीत येऊ-जाऊ लागला. त्या सहा घरांपैकी एक घर पाटीच्या कमिटीतल्या सभासदाचेच. ज्या हाताने ‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द पाटीच्या मजकुरात घातला, त्याच हाताने कडी लावली. आणि मी तरी कोण मोठा? ती गोष्ट कळली तेव्हा मीही सभेत तोंड उघडले नाही; बदलीची भीती वाटली. ते पाप कबूल करूनच हे लिहीत आहे.

मी कमिटीस लेखी कळविले आहे, की अकरा नावे राहू द्या, मला त्यांचा द्वेष नाही. पण पाटीवर त्यांच्या वर चार ओळी कोरा: ह्या गावात पाणी सर्वांचे, घर भाड्याने देताना जात-धर्म विचारला जाणार नाही, स्मशान एक, शाळेत बाक सारखा. आणि दर नव्या मंडळाने पहिल्या सभेत उभे राहून ह्या चार ओळी मोठ्याने वाचाव्यात व पुन्हा मंजूर कराव्यात. ज्यास वाचताना घसा कोरडा पडेल, तो लोकांस आपोआप ओळखू येईल. नावांच्या खाली कामांची यादी द्या: तलाव कोणी खोदला, विहीर कोणी बांधली, पोरे कोणी जन्मास घातली, मढी कोणी उचलली. ज्यांची नावे सापडत नाहीत त्यांची जात नव्हे, काम लिहा.

“मास्तर, तुम्ही उगाच जात मध्ये आणता,” असे मला सांगण्यात आले. बंधूंनो, ज्याने आडनाव विचारून कडी लावली त्याने जात आणली नाही, आणि कडीचा आवाज झाला असे जो सांगतो त्याने आणली! हा न्याय फार जुना आहे.

कुणबी, माळी, सुतार, कुंभार, तेली, चांभार, सर्व कष्टकरी बंधुभगिनींस माझी विनंती आहे. तुमच्या गावी अशी पाटी लागत असेल तर सभेला जा. मागे बसू नका. नावे वाचून झाली की उठून एवढेच विचारा, “उद्या माझा मुलगा शिकून शहरातून परत आला, तर ह्या गावात त्याला खोली मिळेल काय? आणि माझ्या शेजारच्या आळीतल्या मुलाला?” दुसरा प्रश्न विसरू नका. पहिला प्रश्न तर सगळेच विचारतात.

पाटीचा दगड अजून कोरा आहे. पाथरवटाने मजकूर मागितला आहे. पुढील सोमवारी सभा आहे आणि ह्या वेळी मी गप्प बसणार नाही.

— एक शाळामास्तर